ठाण्याच्या पाडव्याच्या स्वागतयात्रेत आमच्या सोसायटीला शहराच्या इतिहासावर चित्ररथ काढायचा आहे. पहिलीच वेळ. विषय कोणता घ्यावा आणि बांधताना काय चुकतं?

‘ठाण्याचा इतिहास’ हा चित्ररथाचा विषय होत नाही. शिलाहारांपासून आजपर्यंत सगळं एका टेम्पोवर चढवलं की कडेला उभ्या माणसाला काहीच कळत नाही. रथ त्याच्यासमोर जेमतेम वीस-तीस सेकंद असतो. एकच प्रसंग घ्या.

बहुतेकांना १६ एप्रिल १८५३ची आगगाडी सुचते. ती करायचीच तर मागे व्हीटीची इमारत रंगवू नका; गाडी बोरीबंदरहून सुटली आणि ती इमारत त्यानंतर पस्तीसेक वर्षांनी उभी राहिली. इंजिनही काळं, अगडबंब नको. तेव्हाची इंजिनं लहान, उंच धुराड्याची होती आणि चालवणारा उघड्यावरच उभा असे. शिवाय त्या गाडीला १४ डबे होते, तुमच्या टेम्पोवर दीड मावेल.

मी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांची सुटका घेईन. ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. १८१६ साली त्र्यंबकजी तिथे इंग्रजांच्या कैदेत होता. पहारा गोऱ्या शिपायांचा. एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याची निगा राखताना मराठीत गाणं म्हणत असे आणि त्यातून सुटकेचा बेत आत पोचला, अशी हकीकत आहे. पहारेकऱ्यांना भाषा कळत नव्हती, तेवढंच पुरलं. मात्र त्र्यंबकजीला घाईघाईने क्रांतिवीर करू नका; तो बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या १८१५च्या खुनाच्या प्रकरणात धरला गेला होता. आणि स्वतः रचलेलं गाणं ‘मूळ गाणं’ म्हणून लावू नका.

हा प्रसंग टेम्पोला फार सोयीचा आहे. चित्ररथ लोक समोरून पाहत नाहीत, बाजूने पाहतात. म्हणून १४ फुटी टेम्पोच्या मधोमध लांबीच्या दिशेने भिंत उभी करा: एका अंगाला कोठडी, दुसऱ्या अंगाला मोतद्दार आणि घोडा, मधे एक खिडकी. रस्त्याच्या दोन्ही कडांना आपापली बाजू पुरेशी दिसते. घोडा कामट्या आणि कागदाच्या लगद्याचा. जिवंत घोडा ढोल-ताशासमोर कधी बिथरेल सांगता येत नाही.

भिंतीला बांबूचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, खळ आणि डिस्टेंपर. सलग भिंत, कापडाची असो की प्लायवूडची, वारा धरते आणि वळणावर कलते, म्हणून दोन्ही बाजूंनी तिरके टेकू द्या आणि ते खालच्या लोखंडी चौकटीला काथ्याने बांधा. नुसत्या फाळक्याला बांधलेलं सुटतं. थर्माकोल नको, सजावटीसाठी त्यावर राज्यात २०१८पासून बंदी आहे.

उंचीचा घोळ दर वर्षी कुणाचा तरी होतोच. भिंत ६ फूट, टेम्पोचा तळ साडेतीन, म्हणजे जमिनीपासून साडेनऊ. तेवढी काठी घेऊन आदल्या आठवड्यात पूर्ण मार्ग चालून या. केबलच्या लोंबत्या तारा आणि झाडांच्या फांद्या तेव्हाच दिसतात. ड्रायव्हरचे दोन्ही आरसे मोकळे ठेवा.

निवेदनावर भिस्त ठेवू नका. पुढेमागे ढोलपथक असलं की तुमचा स्पीकर कुणालाच ऐकू येत नाही. फलकच बोलला पाहिजे: दोन्ही बाजूंना तोच मजकूर, जास्तीत जास्त बारा शब्द, अक्षर किमान ४ इंच. ठसठशीत करण्याच्या नादात जोडाक्षरांची पोटं बुजतात आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात. ओळींत अर्ध्या अक्षराएवढी जागा सोडा.

वर पाचच माणसं. यात्रा थांबत-सुटत चालते आणि धक्क्याने उभी माणसं पडतात, म्हणून कमरेएवढ्या उंचीवर एक आडवा बांबू धरायला हवाच. मुलं असतील तर दोन संच ठेवा आणि निम्म्या वाटेत बदला. सकाळी नऊनंतरचं ऊन, त्यात दाढी-मिशांचा डिंक. प्रत्येक चाकापाशी दोरी धरून एक माणूस, तोही मोबाईल खिशात ठेवणारा.

नोंदणी यात्रा भरवणाऱ्या श्री कौपिनेश्वर सांस्कृतिक न्यासाकडे लवकर करा, आणि जाताना गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा परवाना आणि फलकाचा मजकूर बरोबर ठेवा.