सत्ताविसाव्या वर्षी सायकल शर्यतीत उतरायचे असेल, तर सोलापुरात राहून सुरुवात कशी करावी?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा : वय २७, बँकेत नोकरी, दोन वर्षांपासून हायब्रिड (सरळ हँडलची) सायकल चालवता, रविवारी तुळजापूरला जाऊन येता आणि आता खऱ्या शर्यतीत उतरण्याची इच्छा आहे, पण उशीर तर झाला नाही ना, सायकल बदलावी का आणि सोबतीला एकही बाई नसताना सराव कसा करावा, हे तुम्हाला समजत नाही. मी सोलापूरचीच आहे, वयाच्या ३१ व्या वर्षी पहिली शर्यत केली आणि त्या शर्यतीत सहाव्या किलोमीटरलाच मागे पडले. का पडले, यातच तुमच्या बऱ्याच प्रश्नांचे उत्तर आहे.

उशिराचा मुद्दा आधी निकालात काढू. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली महिलांची १५८ किलोमीटरची रोड रेस जिंकणारी अमेरिकेची क्रिस्टेन फॉकनर महाविद्यालयात नौकानयन करत असे आणि रस्त्यावरची सायकल तिने न्यूयॉर्कमध्ये नोकरी करता करता, विशीच्या मध्यावर हाती धरली. आपण ऑलिंपिकला निघालेलो नाही, हे खरे. पण ज्या खेळात दम आणि पायांची ताकद वर्षानुवर्षे साचत जाते, त्या खेळात सत्तावीस हे वय अडचणीचे नाही. जागतिक नियमांनुसार १७ आणि १८ वर्षांच्या मुली ज्युनिअर गटात मोडतात, आणि तेवीस व त्यापुढच्या खुल्या गटात. तुम्ही त्याच गटात असाल, आणि तिथे इंगळीच्या पूजा दानोळे किंवा संगमनेरच्या प्रणिता सोमण यांच्यासारख्या, लहानपणापासून शर्यती करत आलेल्या मुली भेटतात. त्यांच्याशी पहिल्या वर्षी बरोबरी होणार नाही, हे आधीच मान्य केले म्हणजे पुष्कळ ताण कमी होतो.

आता माझ्या सहाव्या किलोमीटरकडे येते. माझा दम चांगला होता. एकटीने शंभर किलोमीटर सहज होत असत आणि तुळजापूरचा घाट मी न थांबता चढत असे. शर्यतीत मात्र एका डाव्या वळणावर पुढच्या चाकाच्या इतके जवळ जाण्याची भीती वाटून मी ब्रेक लावला, मध्ये दोन-तीन सायकलींचे अंतर पडले, आणि ते अंतर वाऱ्यात भरून काढण्यात तीन मिनिटांत माझे पाय संपले. सपाट रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटरच्या वेगात आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर हवेसाठी लागणारी ताकद सुमारे एक तृतीयांशाने वाढते. पुढच्या सायकलच्या मागे नीट लागून चालवणारीला मात्र त्यातला मोठा वाटा वाचवता येतो. त्यामुळे घोळक्यात टिकलेली साधारण ताकदीची बाई घोळक्याबाहेर पडलेल्या ताकदवान बाईला सहज मागे टाकते. एकट्याने सराव करणाऱ्या आपल्यासारख्यांकडे ताकद येते, पण ही विद्या येत नाही. म्हणून तुमच्या सरावाची सुरुवात तिथूनच करा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यासाठी बायकाच हव्यात असे नाही. सोलापुरात पहाटे निघणारे पुरुषांचे गट आहेत. त्यांतला शिस्तीने चालणारा, हेल्मेटशिवाय कुणाला येऊ न देणारा गट निवडा. सुरुवातीला तुम्हाला हमखास सांगितले जाईल, ‘ताई, तुम्ही मागेच राहा, दमाल.’ याचा राग मानू नका, कारण मागे राहणे हाच तर आपला अभ्यासक्रम आहे. पहिले काही रविवार पुढच्या चाकापासून एक सायकल लांबीवर, मग अर्ध्या लांबीवर, असे अंतर कमी करत न्या. नजर पुढच्या टायरवर खिळवू नका, चालवणाऱ्याच्या खांद्यावरून पलीकडच्या रस्त्याकडे ठेवा. वेग जुळवण्यासाठी ब्रेक न लावता पायांचा जोर कमी करा. आणि आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला कधीही शेजारून ओव्हरलॅप होऊ देऊ नका, कारण अशा धडकेत पडते ती मागचीच. दीड-दोन महिन्यांनी मात्र ‘आता मला पुढे दोन मिनिटे घ्यायची आहेत’ असे न लाजता म्हणा. जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा मोहोळच्या दिशेने गटात गेल्यास समोरून तिरप्या येणाऱ्या वाऱ्यात तिरक्या रांगेने कसे चालवतात, हेही कळते. आपल्या सपाट मुलुखाने दिलेली ही एकमेव फुकटची शिकवणी आहे.

टोकियो ऑलिंपिकचे उदाहरण कुणी तुम्हाला उलट बाजूने सांगेल. तिथे ऑस्ट्रियाची आन्ना किझेनहोफर, जी गणितात डॉक्टरेट केलेली होती आणि जिच्याकडे त्या वेळी व्यावसायिक संघही नव्हता, १३७ किलोमीटरच्या शर्यतीत सुरुवातीलाच घोळका सोडून पुढे निघाली आणि जिंकली. संघांना बिनतारी संपर्क नसल्यामुळे मागच्यांना ती पुढे असल्याचा विसर पडला. नेदरलँड्सच्या आनेमीक फान फ्लायटनने तर दुसरी येऊनही सुवर्णपदक मिळाले असे समजून हात उंचावले. कथा सुंदर आहे, पण किझेनहोफर एकटीने वेळेविरुद्ध चालवण्यात आधीच तरबेज होती. घोळका टाळून जिंकण्यासाठी घोळक्यापेक्षा खूप जास्त ताकद लागते, एवढेच त्यातून घ्यावे.

तरीही पहिला बिल्ला लावून उतरण्यासाठी मी टाइम ट्रायलच सुचवीन. त्यात ठरावीक अंतराने एकेकीला सोडतात, कुणाच्या मागे लागणे नियमबाह्य असते, त्यामुळे पडण्याची भीती नसते आणि आपण नेमके कुठे आहोत हे घड्याळ सांगते. कमी रहदारीचा दहा किलोमीटरचा एक तुकडा निवडा आणि दर तीन आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच दिशेने पूर्ण जोर लावून वेळ नोंदवा. बाकी आठवड्याला सहा ते आठ तास पुरेत : दोन दिवस जोराचे, एक लांब पल्ल्याचा, उरलेले बोलता येईल इतक्या सावकाश गतीचे. जोराच्या दिवशी तीन-तीन मिनिटांचे पाच पल्ले, मध्ये तेवढीच विश्रांती. नवशिक्या बायकांची सर्रास दिसणारी चूक म्हणजे सगळेच दिवस मध्यम जोराने चालवणे; त्यात थकवा येतो, वेग येत नाही. आणि ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला पूर्ण करण्याच्या सायकल सफरीला, शर्यत समजू नका. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करणे कौतुकाचे आहे, पण तिथे क्रमांक नसतो.

सायकलचे म्हणाल तर टाइम ट्रायलचा सराव हायब्रिडवर सुरू करता येईल, घोळक्याच्या शर्यतीसाठी मात्र ड्रॉप हँडलची, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, रोड बाइक लागेलच. मी सेकंड हँड घेतली होती आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. फ्रेमचे माप चुकवू नका, कारण उंची कमी असलेल्या बायकांच्या गळ्यात दुकानदार शिल्लक राहिलेले मोठे माप घालतात. माझ्या गळ्यातही एकदा घातले होते. पेडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील अशी सीट ठेवा. सीट बोचत असेल तर सहन करत बसू नका : बायकांची बसण्याची हाडे सरासरीने जास्त अंतरावर असतात, त्यांना पाठीमागे रुंद असलेली सीट सहसा मानवते. गादीची चड्डी आतल्या कपड्याशिवाय घालायची असते, हे मला सांगायला कुणी बाई नव्हती, म्हणून इथे लिहिते. वर्षभर मी त्यावर ट्रॅकपँट चढवून गाव ओलांडत असे, तेही चालते. पाळीच्या दिवसांत पॅड घासून जखम होते, तेव्हा कप वापरून पाहा.

एक रक्ततपासणी मात्र आधी करून घ्या. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि हिमोग्लोबिन कमी असताना कितीही सराव केला तरी दम लागतोच. मी हा दोष आठ महिने ‘मीच आळशी’ म्हणून स्वतःवर घेतला होता. तासाभरापेक्षा लांब पल्ल्यावर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जाऊ द्या. एक मध्यम केळे आणि गुळाच्या चिक्कीचा एखादा तुकडा एवढे त्यात बसते. वजन घटवण्यासाठी उपाशीपोटी लांब पल्ले करू नका. पाळी अनियमित झाली तर तो डॉक्टरांकडे जाण्याचा इशारा आहे.

रस्त्यांबद्दल थोडेसे. एप्रिल-मेमध्ये साडेआठच्या आत घरी या. हिवाळ्यात ऊसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर अंधारात अचानक समोर येतात, म्हणून उजाडल्याशिवाय महामार्गाला लागू नका. वेड्या बाभळीच्या काट्यांमुळे दोन ट्यूब, लिव्हर आणि पंप सोबत असलेच पाहिजेत, आणि ट्यूब स्वतः बदलता आलीच पाहिजे. घरच्यांची काळजी बाकी कशानेही इतकी कमी होत नाही. निवड स्पर्धांसाठी जिल्हा संघटनेकडे नोंदणी करा, तिथूनच राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धांची वाट जाते.

पहिली शर्यत तयारी पूर्ण होण्याआधीच करा, म्हणजे येत्या तीन-चार महिन्यांत. मागे पडलात, तर कुठे आणि कशामुळे ते त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे : ‘६ किमी, डावे वळण, ब्रेक.’ त्याखालची, पाच महिन्यांनंतरची : ‘३१ किमी, चढ, पाय.’