एचआयव्हीवर उपचार चालू असलेल्या स्त्रीच्या स्तनात गाठ आढळली, तर काय करावे?

तुमच्या प्रश्नावरून असे समजले की, देवगडला राहणाऱ्या तुमच्या ४६ वर्षांच्या मावशी बऱ्याच वर्षांपासून एआरटीच्या (एचआयव्हीचा विषाणू आटोक्यात ठेवणाऱ्या औषधोपचाराच्या) गोळ्या नियमित घेत आहेत, त्यांच्या डाव्या स्तनात न दुखणारी गाठ आहे, घरच्यांना ती ‘त्याच आजाराची’ वाटते, आणि एचआयव्हीविषयी सांगितल्यास रुग्णालय शस्त्रक्रिया नाकारील या भीतीने ते लपवण्याचा विचार चालू आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात एका एआरटी केंद्रावर समुपदेशक म्हणून काम केले आहे आणि माझे पहिले सांगणे हेच की, ते लपवू नका.

कापोसी सार्कोमा (त्वचेवर व इतरत्र डाग-गाठी आणणारा कर्करोग), लिम्फोमाचे (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे) काही प्रकार आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग हे एचआयव्हीमुळे वाढणारे कर्करोग होत. स्तनाचा कर्करोग त्यांत मोडत नाही. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो असे अभ्यासांतून दिसलेले नाही, आणि एआरटीच्या गोळ्यांनीही तो होत नाही. मात्र आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून या गोळ्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळू लागल्या, त्यामुळे या स्त्रिया पन्नाशी-साठी गाठू लागल्या, आणि भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा हा कर्करोग इतरांप्रमाणे त्यांच्याही वाट्याला येऊ लागला. चिंतेची गोष्ट निराळीच आहे: आफ्रिकेतील आणि अमेरिकेतील अभ्यासांत, हा कर्करोग झाल्यावर एचआयव्ही असलेल्या स्त्रियांचे आयुर्मान कमी भरते असे दिसले. उशिरा झालेले निदान आणि अपुरे उपचार ही त्याची मोठी कारणे आहेत. आपल्याकडे ‘आंब्याचा हंगाम उरकू दे’, ‘गणपती झाल्यावर बघू’ असे म्हणत महिने कसे जातात, हे तुम्हाला ठाऊकच असेल.

गाठ कसली आहे हे हाताला कळत नाही. एचआयव्हीमध्ये काखेतल्या गाठी कर्करोगाशिवायही सुजतात आणि क्षयरोग क्वचित स्तनातही होतो, म्हणून मॅमोग्राफी वा सोनोग्राफीबरोबर सुईने तुकडा काढून बायोप्सी करणे आवश्यक आहे. कर्करोग निघाला तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू (गाठ संप्रेरकांवर वा हर-टू या प्रथिनावर वाढते का हे दाखवणाऱ्या) या तपासण्या होतात व पुढचे उपचार त्यांवर ठरतात. एचआयव्ही आहे एवढ्या कारणाने शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा केमोथेरपी टाळली जात नाही.

आता लपवू नका असे का म्हणतो ते सांगतो. कोकणात ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून काही बायका गोळ्या आणायला परजिल्ह्यात जातात. मग एका आजाराचे कागद एकीकडे, दुसऱ्याचे दुसरीकडे, आणि दोन्ही डॉक्टर एकमेकांविषयी अनभिज्ञ राहतात. केमोथेरपीतील पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेल ही औषधे यकृतात मोडली जातात. रिटोनाविर हे औषध असलेल्या एआरटीच्या गोळ्या ते मोडणे मंद करतात, त्यामुळे नेहमीचीच मात्रा विषारी ठरू शकते. झिडोव्हुडीन या एआरटीतील दुसऱ्या औषधाने रक्तपेशी आधीच कमी होतात, त्यात केमोथेरपीची भर पडते. सध्या बहुतेकांना मिळणाऱ्या टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर यांच्या एकत्रित गोळीचे असे उपद्रव बरेच कमी आहेत, तरी मूत्रपिंडाच्या तपासणीवर लक्ष ठेवावे लागते. पुढे हाडांसाठी कॅल्शियम दिले गेल्यास, उपाशीपोटी असताना ही गोळी कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी; जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतात. केमोथेरपीत सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) घसरते, व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) आटोक्यात असला तरीही. ते पाहून घाबरून, किंवा ‘एका वेळी एकच औषध’ अशा समजुतीने, एआरटी बंद करू नये. गोळ्या बदलायच्या असतील तर ते एआरटी केंद्राचे डॉक्टर कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतील.

भीतीला कायद्याचे उत्तर आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारणे हा भेदभाव ठरतो, आणि रुग्णाची ही माहिती तिच्या संमतीशिवाय इतरांना सांगण्यासही मनाई आहे. म्हणजे डॉक्टरांना सांगणे आणि गावाला कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरी कोणी वाकडे वागलेच, तर १०९७ या मोफत क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

देवगडहून बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज, चिपळूणजवळ डेरवणचे वालावलकर रुग्णालय आणि परळचे टाटा रुग्णालय हे पर्याय आहेत. महात्मा जोतिराव फुले योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, पण कुठले रुग्णालय त्यात येते हे आधी विचारून घ्या. मुक्काम लांबणार असेल तर निघण्यापूर्वी एआरटी केंद्रातून पुरेशा गोळ्या आणि चालू उपचारांची चिठ्ठी मागून घ्या. त्याच खेपेत मावशींची गर्भाशयमुखाची तपासणीही उरकून घ्यावी, कारण एचआयव्हीचा थेट संबंध आहे तो त्या कर्करोगाशी, आणि अशा स्त्रियांनी ही तपासणी २५व्या वर्षापासून दर ३ ते ५ वर्षांनी करावी असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते.