बारा शब्दांचा फोटो

प्रश्न : अक्का, मी खानापूर तालुक्यातला, बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीन चालवतो. ओव्हरटाइमचे पैसे साठवून थोडे थोडे यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेली क्रिप्टो नाणी, घेतले. जिथून घेतले त्या क्रिप्टो एक्स्चेंजवर ठेवायला भीती वाटली म्हणून फोनमध्ये स्वतःचं वॉलेट उघडलं. तेव्हा आलेल्या बारा शब्दांचा फोटो काढून ठेवलाय. गेल्या महिन्यात रूमवरच्या मित्राला उसने दिलेले पैसे यूएसडीटीत परत घेतले, त्यासाठी त्याला माझ्या वॉलेटचा पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडं एकूण किती आहेत ते आकड्यासकट सांगितलं! पासवर्ड मी कुणालाच दिलेला नाही. माझं वॉलेट फुटलंय का? टेलिग्रामवर विचारलं, तर सपोर्टवाला म्हणून एकाचा मेसेज आला, ‘लिंकवर बारा शब्द टाका, वॉलेट व्हेरिफाय करतो.’ अजून टाकलेले नाहीत. घरी वडिलांना यातलं काही माहीत नाही. काय करू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : भावा, ते शब्द टाकू नकोस. पुढचं वाचायच्या आधी त्या माणसाला ब्लॉक कर, मग ये. बारा शब्द मागणारा सपोर्ट जगात कुठल्याच वॉलेटचा नसतो. ते शब्द म्हणजे वॉलेटची किल्ली. ज्याच्याकडं शब्द, त्याचे पैसे. एकदा गेले की बँकेसारखं परत फिरवायला कुणी साहेब तिथं बसलेला नाही. टाकून बसला असतास तर मी आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लाव म्हणाले असते, कारण चोरलेले पैसे एखाद्या एक्स्चेंजवर पोचले तर तिथं अडवता येण्याची थोडी तरी आशा असते.

आता मित्राचं. त्यानं काहीही फोडलेलं नाही, त्याच्याशी भांडू नकोस. तुझा पत्ता इंग्रजी ‘टी’नं सुरू होतो ना? म्हणजे तो ट्रॉन नावाच्या ब्लॉकचेनवरचा, म्हणजे सगळ्यांना उघड असलेल्या व्यवहारांच्या वहीवरचा. ट्रॉनस्कॅन या वेबसाइटवर तो पत्ता टाकला की शिल्लक किती, कधी किती आले, कुठल्या पत्त्यावर गेले, सगळं दिसतं, आणि कुणालाही दिसतं. बँकेच्या पासबुकावर आपलं नाव असतं, पण ते आपल्या कपाटात असतं. इथं नाव नसतं, पण पासबुक चौकात टांगलेलं असतं. मित्राला पत्ता दिलास तेव्हा त्या पासबुकावर तुझं नाव पडलं, आणि ते आता पुसता येत नाही. इथून पुढं लोकांकडून घ्यायला वेगळा पत्ता ठेव, साठवणुकीचा वेगळा. आणि घेतलेले लगेच साठवणुकीच्या पत्त्यावर सरकवत जाऊ नकोस. दोन्ही पत्ते एकाच माणसाचे हे त्यातूनच कळतं.

मला मित्रापेक्षा त्या फोटोची जास्त काळजी वाटते. शहापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लोक फोन टेबलावर ठेवतात, पॅटर्न बिलाच्या पावतीमागं काढून देतात आणि संध्याकाळी येतो म्हणून जातात. डिस्प्ले बदलला की टच सगळीकडं चालतो का ते बघायला आम्हाला काहीतरी उघडावंच लागतं, बहुतेक वेळा गॅलरी. दोन वर्षांमागं एका मुलाच्या फोनमध्ये पहिल्याच ओळीत एक ते बारा आकडे घालून लिहिलेल्या इंग्रजी शब्दांचा फोटो दिसला. मला कळलं ते काय आहे, म्हणून फोन बाजूला ठेवला आणि तो आल्यावर त्याला आत बोलावून सांगितलं. त्याचा चेहरा अजून आठवतो. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर? नुसता हातातला फोन नाही, बॅकअप चालू असेल तर फोटो आपोआप गूगल फोटोजवर चढलेला असतो, म्हणजे जीमेलचा पासवर्ड गेला की शब्दही गेले. आणि २०२५च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांनी स्पार्ककॅट नावाचा व्हायरस उघड केला, तो गॅलरीतल्या फोटोंमधली अक्षरं वाचून असेच शब्द शोधत होता. प्ले स्टोअर आणि ॲपलचं ॲप स्टोअर, दोन्हीकडच्या ॲपमध्ये तो सापडला.

म्हणून नुसता फोटो डिलीट करून भागणार नाही. ते बारा शब्द आता बाहेर गेलेत असंच धर. नवीन वॉलेट कर, नवे बारा शब्द पेनानं कागदावर लिही आणि पैसे तिकडं हलव. आधी दहाएक यूएसडीटी पाठव, पोचले की उरलेले. फी भरायला जुन्या वॉलेटात थोडे टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचं स्वतःचं नाणं, लागतील. पत्ता कॉपी करून चिकटवलास तरी मधली अक्षरंही ताडून बघ; सुरुवात आणि शेवट तुझ्यासारखा दिसणारा पत्ता मुद्दाम तयार करून तुझ्या व्यवहारांच्या यादीत घुसवणारे चोर आहेत, यादीतून कॉपी करणारे तिथंच फसतात. रक्कम दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त असेल तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली फोनबाहेर ठेवणारं छोटं यंत्र, घे असं मी म्हणेन. बनवणाऱ्या कंपनीकडूनच मागव, कुणाचं वापरलेलं नको. डब्यात शब्द आधीच छापलेलं कार्ड निघालं तर ते यंत्र वापरू नकोस. बारा शब्दांवर स्वतःचा आणखी एक छुपा पासफ्रेज असलं काही तुला आत्ता नको. तो विसरून अडकलेली माणसं मी पाहिलीत.

कागदाचं मात्र बोलायला हवं, तू पावसाच्या खानापूरचा आहेस. माझ्या भावाचं घर जांबोटीच्या वाटेवर आहे. त्यानं शब्द वहीत लिहून ट्रंकेत ठेवले, दुसऱ्या पावसाळ्यानंतर वही उघडली तर पानं चिकटलेली आणि नववा शब्द शाईच्या डागात गेलेला. एकानं त्याच्याकडं उरलेले अकरा मागितले, ‘मी काढून देतो’ म्हणून. नशीब, आधी मला फोन केला. हे शब्द ज्या ठरलेल्या इंग्रजी यादीतून येतात तिच्यात सगळे मिळून शब्द २०४८च असतात, आणि बारापैकी एकच गेला असेल तर शेवटच्या शब्दातल्या पडताळणीमुळं त्यातले साधारण १२८च जुळतात. नेट काढलेल्या कॉम्प्युटरवर एका रात्रीत सापडला. दोन गेले असते तर काम फार किचकट झालं असतं.

तुझ्या हाताला लोखंडाची सवय आहे, तर ते शब्द स्टेनलेसच्या पट्टीवर ठोक. पण वर्कशॉपमधल्या कुणाकडून ठोकून घेऊ नकोस, एनग्रेव्हिंगच्या दुकानातही देऊ नकोस. स्वतः, घरी, दार लावून.

करापासून लपवायचा विचार मनात असेल तर तो काढून टाक. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. तू ज्या एक्स्चेंजवरून घेतलेस तिथं तुझं पॅन आहे. शेजाऱ्यापासून पासबुक झाकणं हा तुझा हक्क, रिटर्नमध्ये दाखवणं हे तुझं काम.

वडिलांना सांग. शब्द सांगू नकोस, पण असं काही आहे, आणि पट्टी जमिनीच्या कागदांबरोबर ठेवलीय, एवढं सांग. तू मशीनवर काम करणारा मुलगा आहेस, बेळगाव-खानापूर रस्त्यानं येतोस-जातोस. उद्या तुला काही झालं तर ती पट्टी भंगारात जायला नको.

प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं ठोकलीस तरी पुरे, त्या यादीत पहिल्या चार अक्षरांत दोन शब्द कधीच सारखे नसतात. अक्षरं ठोकायचा पंच सेट ३ मिलिमीटरचा घे. ६ चा घेतलास तर लहान पट्टीवर बारा मावणार नाहीत.