नोव्हेंबरमध्ये परतीचं तिकीट काढू नकोस

प्रश्न : मी सांगलीची, वय १६. दहावीला ९३ टक्के मिळाले. एक्स्चेंज प्रोग्रॅममधून दहा महिन्यांसाठी जर्मनीत आले आहे. हॅनोव्हरच्या उत्तरेला छोटं गाव आहे. ऑगस्टअखेर आले तेव्हा सगळं छान वाटत होतं. आता नोव्हेंबर आहे आणि रोज रडू येतं. होस्ट फॅमिली वाईट नाही, पण संध्याकाळी थंड ब्रेड-चीज खाऊन जो तो आपापल्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. एकदा नको म्हटलं की जेवायला पुन्हा कुणी विचारत नाही. वर्गात मी गप्प असते, चुकेल अशी भीती वाटते. आईशी रोज दोन तास बोलते, तर होस्ट आई म्हणाली, फोन ठेव आणि खाली आमच्यात येऊन बस. मला फार अपमान वाटला. मैत्रिणी जेईईच्या क्लासचे फोटो टाकतात. आई म्हणते डिसेंबरमध्ये परत ये, बाबा म्हणतात वर्ष पूर्ण कर. मी परत येऊ का? माझं वर्ष वाया गेलं का?

उत्तर :

बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या प्रश्नाकडे वळण्याआधी मला काही गोष्टी विचारायच्या आहेत. पोटभर खायला मिळतं ना? खोली गरम असते ना? पासपोर्ट तुझ्याच ताब्यात आहे ना? त्या घरात, शाळेत किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर कुणाच्या बोलण्याची, नजरेची, स्पर्शाची भीती वाटते का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तुला खटकलं, तर पुढचं वाचू नकोस. आधी तुझ्या स्थानिक समन्वयकाला फोन कर आणि घर बदलून माग. या कार्यक्रमांत घर बदलून देतात. त्यात कुणावर उपकार होत नाहीत आणि तुझी काही चूकही ठरत नाही.

तुझ्या पत्रात असं काही दिसलं नाही, म्हणून पुढे लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच कार्यक्रमातून एक जर्मन मुलगी आमच्या पुण्याच्या घरी चार महिने राहायला होती. तुझ्याच वयाची. शाळेतून आली की ती दार लावून बसायची. आम्हाला वाटायचं, हिला आपलं घर आवडलेलं नाही. सासूबाई दर अर्ध्या तासाने दार ढकलून आत जायच्या, कधी लाडू घेऊन तर कधी नुसतंच ‘काय करतेस गं’ विचारायला. जेवताना ती नको म्हणाली तरी तिसरी पोळी ताटात पडायचीच. पाचव्या आठवड्यात ती माझ्यासमोर रडली. म्हणाली, ‘इथे माझं नको कुणी ऐकतच नाही.’ आणि आम्ही सगळे समजत होतो की आपण तिला किती जपतोय!

तुझं पत्र वाचताना मला तीच मुलगी आठवली. तिला आमच्याकडे जे जाचलं, त्याच्या अगदी उलट तुला तिथे जाचतं आहे. आपल्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. आग्रह करणाऱ्यालाही ते माहीत असतं. तुझ्या होस्ट आईला हे माहीत असण्याचं कारणच नाही. तिने विचारलं, तू नको म्हणालीस, तिने तुझ्या शब्दाचा मान राखून भांडं उचललं. आता भूक असेल तेव्हा पहिल्याच वेळी ‘हो, हवंय’ म्हण. वाढून झाल्यावर आणखी हवं असेल तर मागून घे. तिथे मागून घेणाऱ्याला कुणी हावरट म्हणत नाही.

थंड ब्रेडचंही तसंच. तिथल्या घरांत गरम जेवण दुपारी करायची जुनी रीत आहे आणि संध्याकाळच्या जेवणाला ते ‘आबेंडब्रोट’ म्हणतात, म्हणजे शब्दशः संध्याकाळची भाकरी. ब्रेड, चीज, काकडी, लोणच्यासारखं काहीतरी. तुझ्यासाठी मुद्दाम गार वाढलेलं नसतं. लावलेलं दार हा रागही नव्हे. दारावर टकटक केलीस तर बहुतेक वेळा ते उघडतं. तू केली आहेस का कधी?

आता फोन. हा तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून जरा हिशोब मांडते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे गेली. भारताशी साडेतीन तासांचं अंतर होतं, ते साडेचार तास झालं. आई घरातलं आवरून रात्री नऊला मोकळी होते, तेव्हा तुझ्याकडे साडेचार वाजलेले असतात आणि बाहेर सूर्य मावळलेला असतो. दोन तास बोलून फोन ठेवतेस तोवर साडेसहा. म्हणजे गावातल्या मुलामुलींच्या भेटीगाठींची जी वेळ, नेमकी तीच तू रोज सांगलीत घालवतेस. शरीर जर्मनीत आणि मन सांगलीच्या विश्रामबागेत, असं तीन महिने चाललं तर कुणालाही रडू येईल. होस्ट आईने खाली येऊन बस म्हटलं, तो तिच्या परीने केलेला आग्रह होता. ‘आमच्यात ये’ असं तिने स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि त्या लोकांमध्ये यापेक्षा आपुलकीचं बोलणं फार वेळा ऐकू येत नाही.

त्या वेळेत कुठे जायचं? शाळेत मैत्री होत नाही म्हणून तू हिरमुसली आहेस, पण जर्मनीत मैत्रीचं मोठं ठिकाण ‘फेराइन’ हे असतं. फेराइन म्हणजे मंडळ. हँडबॉलचं, जिम्नॅस्टिक्सचं, गाण्याचं, वाद्यवृंदाचं. लहान गावांत स्वयंसेवकांचं अग्निशमन दल असतं आणि त्याची मुलांची शाखाही. वर्गणी सहसा परवडण्यासारखी असते. तू शाळेत खो-खो खेळायचीस असं लिहिलं आहेस. मग हँडबॉलला जा. पळणं, हुलकावणी देणं, वेळेवर वळणं हे सगळं तुझ्याकडे आहे आणि त्याला व्याकरण लागत नाही. दर आठवड्याला त्याच दिवशी त्याच लोकांना भेटत राहिलीस की चौथ्या-पाचव्या वेळेला कुणीतरी आपणहून तुझ्याशेजारी येऊन बसेल. त्या लोकांना वेळ लागतो, पण एकदा जवळ केलं की ते सहज सोडत नाहीत.

वर्गातल्या गप्प बसण्याबद्दल. आपल्या शाळेत शांत बसणारी मुलगी गुणी समजली जाते. जर्मन शाळेत वर्गात तोंडी भाग घेण्याला वेगळे गुण असतात आणि ते लेखी परीक्षेच्या जोडीने धरले जातात. शिक्षकांच्या नजरेत तू बहुधा तयारी न करता येणारी मुलगी ठरते आहेस, आणि हा तुझ्यावर अन्याय आहे जो फक्त तूच थांबवू शकतेस. एक सोपी गोष्ट कर. दररोज एकाच तासासाठी एक वाक्य आदल्या रात्री लिहून ठेव आणि त्या तासाला हात वर करून ते म्हण. शब्दांच्या लिंगाचं ‘डेर-डी-दास’ चुकलं तर चुकू दे. भूगोलाच्या तासाला कृष्णेच्या महापुराबद्दल सांग. २०१९ मध्ये तू दहा वर्षांची होतीस, तुमच्या गल्लीत पाणी आलं होतं असं तूच लिहिलं आहेस. पुस्तकातला पूर आणि दारात आलेला पूर यातला फरक त्या वर्गात तुझ्याइतका कुणाला ठाऊक असेल?

होस्ट आईला नावाने हाक मारायला जीभ वळत नाही, हेही तू एका ओळीत लिहिलंस. मला ते फार समजलं. पन्नाशीच्या बाईला नुसत्या नावाने कसं हाक मारायचं! आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अठराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या, तेव्हा न्यू जर्सीत कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरात ठेवून घेतलं. त्या घरच्या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणायच्या. तूही तुझ्या होस्ट आईला सांग की आमच्याकडे आईच्या बहिणीला मावशी म्हणतात आणि मला तुम्हाला तसं म्हणायला आवडेल. तिला उच्चार जमेल की नाही कोण जाणे, पण अर्थ नक्की कळेल.

आता परतण्याबद्दल. सामाजिक शास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांच्या अनुभवांवर लिहिलं. सुरुवातीला उत्साह, मग खोल उतार, मग हळूहळू चढण, असं चित्र त्यातून पुढे आलं. नंतरच्या अभ्यासांत ते सगळ्यांना लागू पडलं नाही, आणि काहींना तर सुरुवातीचेच दिवस सर्वांत जड गेले. पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांत तिसरा-चौथा महिना अवघड जातो हे मी वारंवार पाहिलं आहे. त्यात तुझा नोव्हेंबर अंधाराचा. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की हा निर्णय या महिन्यात घेऊ नकोस. जानेवारीचा दुसरा आठवडा ठरव आणि कॅलेंडरवर खूण कर. तोवर ५ डिसेंबरच्या रात्री तिकडची मुलं खाऊ ठेवून जाणाऱ्या सेंट निकोलाउससाठी दाराशी बूट ठेवतात ते बघ, नाताळाचा बाजार बघ, घरात बिस्किटं भाजतील तेव्हा पीठ लाटायला बस. पोळी लाटणाऱ्या हाताला ते शिकवावं लागत नाही. जानेवारीतही असंच वाटलं तर परत ये. मी स्वतः तुझ्या बाबांशी बोलेन. पाच महिने राहून विचार करून परत आलेली मुलगी हरलेली नसते.

मात्र झोप उडाली, दोन आठवडे अन्न जाईना, किंवा जगणं नकोसं वाटलं, तर जानेवारीची वाट अजिबात पाहायची नाही. त्याच दिवशी समन्वयकाला आणि होस्ट आईला सांगायचं. जर्मनीत मुलांसाठी ११६१११ हा मोफत मदतीचा फोन आहे. तो लिहून ठेव.

अकरावीचं मी स्पष्टच सांगते. हे वर्ष आपल्या अकरावीच्या जागी धरून थेट बारावीत जायचा खटाटोप करू नका. विज्ञान शाखेत अकरावीचा पाया राहून गेला तर बारावीत दमछाक होते. जूनमध्ये ये आणि अकरावी नीट कर. जेईई मेनसाठी बारावी कोणत्या वर्षी दिली ते पाहतात, दहावी कधी झाली ते नाही. राज्याच्या कोट्यातून अभियांत्रिकीला जायचं तर साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, त्यामुळे बारावी इथेच द्यायची. बाबांना म्हणावं, कॉलेजच्या प्राचार्यांना या आठवड्यात भेटा आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचं काय ते लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका.

मैत्रिणी तुझ्या एक वर्ष पुढे जातील, हे खरं आहे आणि ते टोचणार. बावीस-तेविसाव्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीत हे एक वर्ष कुणी मोजत नाही. पण एक्स्चेंजच्या प्रमाणपत्रामुळे इंजिनीअरिंगला प्रवेश सोपा होईल असं तुला कुणी सांगितलं असेल, तर ते चुकीचं आहे. आपल्या प्रवेशप्रक्रियेत त्याला एकही गुण नाही.

तुझ्या हातात खरोखर काय येईल, तर भाषा. तू जर्मनची ए टू, म्हणजे साध्या संवादापुरती पातळी घेऊन गेली आहेस. तोंड उघडलंस तर जूनपर्यंत बी टू, म्हणजे बऱ्यापैकी सहज बोलण्याच्या पातळीजवळ पोहोचणं शक्य आहे, आणि ते इथल्या क्लासमध्ये बसून एवढ्या वेळात क्वचितच होतं. परत आल्यावर पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षा देऊन प्रमाणपत्र घे, कारण नुसतं ‘मी तिथे राहून आले’ याला कागदावर किंमत नाही. निघताना शाळेकडून शिक्का मारलेलं प्रगतिपुस्तक आण. अकरावी-बारावीला ज्या कॉलेजात जर्मन हा विषय आहे तिथे प्रवेश मिळतो का पाहा. पुढे जर्मनीत पदवीसाठी जायचं मनात आलं तर तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सत्राला १५०० युरो पडतात. नुसत्या बारावीवर तिथे थेट प्रवेश सहसा मिळत नाही, आणि जर्मन माध्यमासाठी भाषा सी वन, म्हणजे त्याच्याही वरच्या पातळीपर्यंत लागते. हे सगळं दोन वर्षांनंतरचं आहे. आज त्यावर झोप घालवू नकोस.

आईसाठी दोन ओळी. ताई, लेक रडते तेव्हा तुमचा जीव कसा होत असेल ते मला कळतं, माझीही मुलगी बाहेरगावी शिकली. पण तुम्ही रोज रडत फोन उचललात तर ती तुम्हाला सावरण्यातच थकते. बुधवार आणि रविवार, अर्धा-अर्धा तास, एवढं ठरवा. मधल्या दिवशी एखादा फोटो पाठवा, अंगणातल्या जास्वंदीचा, मांजराचा. ‘जेवलीस का’ऐवजी ‘आज कुणाशी बोललीस’ हे विचारून बघा. आणि डिसेंबरच्या तिकिटाचा विषय तिच्यासमोर काढू नका. दार उघडं आहे एवढं तिला माहीत असू दे.

बाळा, येत्या शनिवारी तुझ्या तिथल्या मावशीला विचारून संध्याकाळचा स्वयंपाक तू कर. तांबडी मसूर कुठल्याही सुपरमार्केटात मिळते. तांदूळ, मसूर, कांदा, हळद, बस. हिरवी मिरची आणि कोथिंबीर तुर्की दुकानात मिळेल. त्यांच्या ताटात तिखट बेताचं टाक आणि कुणी नको म्हटलं तर वाढू नकोस. खिचडी कशी झाली आणि टेबलावर कोण किती वेळ बसलं, ते मला कळव.