सात वर्षांच्या मुलीला घरी कविता लिहायला कसं शिकवावं? यमक जुळलं नाही की ती वही मिटून टाकते.

सध्या यमक पूर्ण बाजूला ठेवा आणि आधी तिला एखादी वस्तू नीट पाहून तीन ओळी लिहू द्या. प्राथमिकच्या मुलांना शिकवताना हे सतत दिसतं: यमकाच्या मागे लागलं की मूल जुळणारा शब्द शोधतं आणि सांगायचं होतं ते निसटतं. खिडकीतला पाऊस, झोपलेलं मांजर, काहीही चालेल. पहिल्या ओळीत काय दिसतं, दुसरीत कसला आवाज किंवा वास येतो, तिसरीत ते कशासारखं वाटतं. 'छान', 'सुंदर' हे शब्द मात्र बंद, मग मुलं खरोखर बघायला लागतात.

हे जमलं की अष्टाक्षरी घ्या, कारण बोटांवर मोजायचा खेळ मुलांना फार आवडतो. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब नाही:

पान हिरवे हालले
थेंब खाली ओघळले

टाळी देत म्हटलं की ताल आपोआप कळतो, आणि यमकही बरेचदा स्वतःहून येतं.

फक्त एक: लिहिण्याचाच कंटाळा असेल तर तिनं सांगावं, तुम्ही लिहून घ्यावं, अगदी तिच्याच शब्दांत. शुद्धलेखनाच्या चुका त्या दिवशी काढू नका.