पारसिकच्या कातळात डायनासोरचं पाऊल?

प्रश्न : पारसिक डोंगरावर माझ्या मुलाला कातळात तीन बोटांसारखा खळगा दिसला. मांसाहारी डायनासोरचा ठसा असेल का? तो ओळखायचा कसा? (एक आई, कळवा)

उत्तर : ताई, पारसिकला तरी नाही. पारसिक काय, येऊर काय, हा सगळा काळा बेसॉल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तापलेल्या लाव्हावर कोणी पाय ठेवत नाही आणि थिजलेल्यावर ठसा उमटत नाही. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात, पावसापाण्याने त्या रुंदावतात. मुलाने पाहिलं ते बहुधा हेच.

ठशाला चिखल लागतो, आणि तोही बेताचा. फार पातळ असला तर कडा ढासळतात, फार घट्ट असला तर पाऊल रुतत नाही. उमटलेला ठसा जरा सुकायला हवा आणि मग त्यावर गाळाचा नवा थर बसायला हवा. राजस्थानात जैसलमेरजवळ थैयात इथे असे ठसे सापडलेत, तेव्हाच्या समुद्रकाठचे. त्यातला मोठा सुमारे 30 सेंटिमीटर लांब.

मांसाहाऱ्याचा ठसा रुंदीपेक्षा लांब असतो. तीन बारीक बोटं, मधलं बरंच पुढे, टोकाला नखाची अणकुचीदार खूण. तीन बोटांच्या शाकाहाऱ्यांचा ठसा रुंद, बोटं जाड आणि बोथट. झिजलेल्या ठशात मात्र जाणकारांचेही वाद होतात. अमेरिकेत भूवैज्ञानिक एडवर्ड हिचकॉक यांनी 1836 मध्ये असे तीन बोटांचे ठसे प्रचंड पक्ष्यांचे म्हणून मांडले. पक्षी याच मांसाहारी डायनासोरांच्या वंशातले, हे आज आपल्याला माहीत आहे. ऐरोलीला खाडीच्या गाळात बगळ्याची पावलं पाहा, हिचकॉकना तसं का वाटलं ते लगेच कळेल.

मला हाडांपेक्षा ठसे जास्त मोलाचे वाटतात. हाडं पुरात वाहून कुठेही जातात. ठसा उमटला तिथेच जनावर जिवंतपणी चाललेलं असतं. पावलाच्या लांबीला चाराने गुणलं की कमरेची उंची अंदाजे मिळते, म्हणजे थैयातच्या त्या प्राण्याची सव्वा मीटरच्या आसपास. एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधलं अंतर कळलं तर वेगही काढता येतो. ते सूत्र प्राणिशास्त्रज्ञ मॅक्नील अलेक्झांडर यांनी 1976 मध्ये दिलं. मुलाला गच्चीवर ओल्या पायांनी आधी चालवा, मग पळवा, आणि दोन्ही वेळा हे अंतर टेपने मोजायला लावा.