बेस गिटारचा आवाज एका तारेवर दबतोय, पिकअप बदलू का?

प्रश्न : दादा, सोलापुरात ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायलोय, जुना जॅझ बेस टाइप, दोन पिकअपवाला (तारांखालचे, आवाज पकडणारे चुंबक-वेटोळे). सगळ्यात बारीक G (जी) तार ठणठण वाजती, सगळ्यात जाड E (ई) तार पार दबून जाती, आणि स्टेजवर लाइट लागले की घूंऽऽ चालू. गड्ड्याच्या जत्रेआधी नवे पिकअप टाकू का?

उत्तर : थांब भावा, आधी स्क्रू ड्रायव्हर घे, पैसे नंतर. तार शेवटच्या फ्रेटवर (दांड्यावरची आडवी पट्टी) दाबून धर आणि तार ते पिकअप अंतर मोज, ई कडं साधारण 3 मिमी, जी कडं 2 ते अडीच, एवढ्यापासून सुरू कर आन मग कानानं ऐकत स्क्रूचा अर्धा-अर्धा फेरा. तुझी ई दबतीय म्हणजे ती बाजू खाली गेली असणार, स्क्रू सैल केला तरी पिकअप वर येत नसेल तर खालचा फोम बसलाय, नवा तुकडा घाल, झालं. पण हावरेपणा नको, फार जवळ नेलं की मॅग्नेट तारेला ओढतं आणि सूर हलल्यागत वाटतो.

घूंऽऽ चं म्हणशील तर सिंगल कॉइलचा (एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा) स्वभावच तो. दोन्ही व्हॉल्यूम फुल ठेवून बघ, दोन पिकअपची वेटोळी एकमेकांच्या उलट गुंडाळलेली असली तर घूंऽऽ बराच मरतो. तरी बदलायचेच झाले तर मापं घेऊन जा, बऱ्याच जॅझ बेसमध्ये ब्रिजकडचा (तारा अडकवतात त्या टोकाचा) पिकअप थोडा लांब असतो, नेककडच्या (दांड्याकडच्या) खाचेत बसत नाय, आणि लाकूड कोरायला घेऊ नको बाबा!